हप्ते संपलेली केमन आणि चार लिटरचा मोह

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या गाडीचा शेवटचा हप्ता गेला. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन मी ठाण्याच्या आरटीओत बोजा उतरवण्याचा अर्ज केला आणि काही आठवड्यांनी बँकेचे नाव नसलेले आरसीचे कार्ड घरी आले. २०१८ सालची पोर्शे ७१८ केमन मी २०२० मध्ये, दोन वर्षे वापरलेली अशी घेतली होती. पाच वर्षे ती इमारतीच्या पोडियमवर माझ्या जागेत उभी राहिली, पण कागदोपत्री तिच्यावर माझ्याबरोबर बँकेचेही नाव होते. कार्ड हातात आले तेव्हा मला झालेला आनंद गाडी पहिल्यांदा घरी आणली त्या दिवशीच्या आनंदापेक्षा कमी नव्हता, आणि तरीही तीन महिन्यांच्या आत ती देऊन त्याच कुळातली अधिक ताकदीची गाडी घ्यावी का, याचा हिशेब मी मांडून बसलो होतो. तो हिशेब कसा झाला आणि त्यात मी कुठे चुकलो, हे लिहून ठेवावे म्हणून ही नोंद.

नवी मुंबईतल्या, जुन्या महागड्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका विक्रेत्याचा डिसेंबरात फोन आला. त्याच्याकडे २०२२ सालची ७१८ केमन जीटीएस ४.० आली होती. एकच मालक, अकरा हजार किलोमीटर, अपघात नाही. मागणी १ कोटी २६ लाखांची होती आणि माझी गाडी तो ४६ लाखांना घ्यायला तयार होता. म्हणजे वर ८० लाख द्यायचे. त्यातले २० माझ्याकडे होते आणि ६० लाखांचे कर्ज काढावे लागणार होते.

या दोन गाड्या लांबून पाहिल्या तर सारख्याच दिसतात. फरक आहे तो सीटच्या मागे, जिथे इंजिन बसवलेले असते. २०१६ साली पोर्शेने केमनचे नाव बदलून ७१८ केले तेव्हा खालच्या आवृत्त्यांमधले सहा सिलिंडरचे इंजिन काढून चार सिलिंडरचे टर्बो (म्हणजे आत हवा दाबून भरणारे) इंजिन बसवले. माझ्या गाडीत तेच दोन लिटरचे इंजिन आहे, ३०० अश्वशक्तीचे. त्याच्या आवाजाबद्दल जगभर कुरकुर झाली आणि ती खोटी नव्हती. थंडीत सकाळी चालू केले की ते शिवणयंत्रासारखे टकटकते, असे माझी मुलगी म्हणते. कंपनीने नंतर जीटीएसमध्ये चार लिटरचे, टर्बो नसलेले, आडव्या सहा सिलिंडरचे इंजिन परत आणले. त्याची ताकद ४०० अश्वशक्ती आहे आणि लाल पट्टा, म्हणजे इंजिनाच्या वेगाची कमाल मर्यादा, मिनिटाला ७,८०० फेऱ्यांवर सुरू होतो. शून्यापासून शंभरापर्यंत जायला माझ्या गाडीला ४.९ सेकंद लागतात आणि जीटीएसला ४. त्या नऊ दशांश सेकंदासाठी ८० लाख, असे कोणी म्हटले तर वेडेपणा वाटेल, पण मला सेकंद नकोच होते. मला तो सहा सिलिंडरचा आवाज हवा होता, आणि हे मी स्वतःशी कबूल करायलाच दोन आठवडे घेतले.

पैशांचा हिशेब मात्र मला चटकन करता येतो, कारण माझा वागळे इस्टेटमध्ये जॉबवर्कचा कारखाना आहे आणि यंत्रांचे हप्ते हा आमच्या घरी दोन पिढ्यांचा विषय आहे. वापरलेल्या गाडीसाठीचे कर्ज ११ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी धरले तर ६० लाखांचा हप्ता महिन्याला सुमारे १ लाख ३० हजार येतो आणि पाच वर्षांत नुसते व्याज १८ लाखांच्या वर जाते. मी वर्षाला साधारण चार हजार किलोमीटर चालवतो, म्हणजे पाच वर्षांत वीस हजार. भागाकार केला तर प्रत्येक किलोमीटरला नव्वद रुपये फक्त व्याजाचे पडतात; पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग आणि गाडीची घटणारी किंमत त्यानंतर. घरून पनवेलमार्गे खोपोलीपर्यंत जाऊन यायचे म्हटले, तर वाटेतला वडापाव धरण्याआधीच बारा-तेरा हजारांचे व्याज झालेले असते.

अदलाबदलीत आणखी एक गोष्ट असते, जी विक्रेत्याच्या टेबलावर बसल्यावर दिसत नाही. तो एकाच वेळी दोन व्यवहार करत असतो. माझी गाडी घेताना तो पुढच्या विक्रीतला आपला नफा कापून ठेवतो, आणि जी गाडी मला देतो तिच्यावरचा नफा मागणीत आधीच धरलेला असतो. त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तोही शेवटी या दोन आकड्यांमध्येच कुठेतरी बसतो. मी माझी गाडी स्वतः विकली असती तर ओळखीतल्या दोघांच्या अंदाजाने चार-पाच लाख जास्त आले असते. अर्थात स्वतः विकण्यात धोकाही आहे. आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक आपणच राहतो, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही आपल्यावरच येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते स्पष्टपणे सांगितलेले आहे. त्यामुळे ते चार-पाच लाख सगळेच विक्रेत्याने खाल्ले असे मी म्हणणार नाही.

विम्याच्या बाबतीत एक गंमत आढळली. पाच वर्षे दावा न केल्यामुळे माझा ५० टक्क्यांचा नो-क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, आहे आणि तो गाडीचा नसून मालकाचा असल्यामुळे नव्या गाडीवर नेता आला असता. तृतीय पक्षाच्या विम्याचा हप्ता दोन्ही गाड्यांना सारखाच आहे, वर्षाला ७,८९७ रुपये आणि वर कर, कारण दीड लिटरच्या वरच्या सगळ्या खासगी गाड्या सरकारी दरपत्रकात एकाच रकान्यात मोडतात. माझे दोन लिटर आणि जीटीएसचे चार लिटर यांत भेद न करणारी संपूर्ण व्यवहारातली ही एकमेव नोंद होती.

कारखान्यातले आमचे फोरमन माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे आहेत. मी त्यांना काका म्हणतो आणि ते मला, मी शाळेत असताना दादा म्हणत, आता साहेब म्हणतात. एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाडीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो नीट पाहिला आणि विचारले, "साहेब, ही कुठल्या जॉबसाठी पाहिजे?"

त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता. नवे यंत्र घ्यायचे ठरले की ते हेच विचारतात. आठ वर्षांपूर्वी आम्ही व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारे संगणकचालित यंत्र, घेत होतो तेव्हा मला मिनिटाला बारा हजार फेऱ्यांचा स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) हवा होता आणि त्यांना आठ हजारांचा. त्यांनी मला कागदावर दाखवून दिले होते की आमचे मुख्य काम लोखंडी प्लेटांच्या रफिंगचे, म्हणजे सुरुवातीला भरपूर धातू काढण्याचे, आहे, त्यात ६३ मिलिमीटरचा कटर मिनिटाला १८० मीटरच्या कटिंग स्पीडने चालवला तर स्पिंडल जेमतेम ९०० फेऱ्यांवर फिरतो, आणि आम्हाला दाखवलेला वेगवान स्पिंडल नेमका त्या खालच्या फेऱ्यांवर टॉर्कला, म्हणजे फिरवण्याच्या जोराला, कमी होता. आम्ही आठ हजारांचा घेतला आणि आजवर तो कमी पडलेला नाही. त्या शनिवारी संध्याकाळी मी तोच कागद गाड्यांसाठी मांडला.

माझ्या दोन लिटरच्या टर्बो इंजिनाचा पूर्ण टॉर्क, ३८० न्यूटन-मीटर, दोन हजार फेऱ्यांच्या आसपास मिळू लागतो आणि साडेचार हजारांपर्यंत टिकतो. जीटीएसचा टॉर्क थोडा जास्त आहे, पण तो पूर्ण भरात येतो पाच हजारांच्या पुढे, आणि ४०० अश्वशक्ती मिळते ती ७,००० फेऱ्यांना. टर्बो नसलेल्या इंजिनाचा स्वभावच असा असतो. हवा ओढून घेण्यासाठी त्याला फिरावे लागते, आणि ते फिरते म्हणूनच गाते. हा त्याचा दोष नाही. पण त्या फेऱ्यांना गाडीचा वेग किती असतो, हे पाहायला हवे होते.

मी जीटीएस जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे चालवून पाहिली. विक्रेत्याचा माणूस शेजारी होता. वाशीहून पाम बीच मार्गाने बेलापूरकडे, तिथून उलव्याजवळून अटल सेतूवर आणि परत. पाम बीचवर खाडीच्या बाजूला अजून अंधार होता आणि सायकलवाल्यांचे लाल दिवे लुकलुकत होते, त्यामुळे तिथे काही करण्याचा प्रश्न नव्हता. अटल सेतूवर चारचाकींना ताशी १०० ची मर्यादा आहे आणि चढण्या-उतरण्याच्या उतारांवर ४० ची. मुख्य पुलावर आल्यावर, मागे-पुढे कोणी नाही हे पाहून, चाळीसच्या वेगावरून मी गिअर पहिल्यावर आणला आणि ॲक्सिलरेटर दाबला.

तो आवाज शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करणार नाही. इतकेच सांगतो की पाच हजारांनंतर तो पाठीतून ऐकू येतो. पहिल्या गिअरात लाल पट्टा सत्तरच्या थोडा पुढे लागला, दुसरा गिअर पडला आणि शंभरचा आकडा आला तेव्हा सुई साडेसहा हजारांच्या अलीकडेच होती. मी पाय उचलला. सगळे मिळून तीन सेकंद झाले असतील. दुसरा गिअर लाल पट्ट्यापर्यंत नेला असता तर वेग शंभराच्या बराच पुढे गेला असता. तिसऱ्याबद्दल बोलायलाच नको. शेजारचा माणूस हसून म्हणाला, "सर, अजून खूप आहे." मला तीच अडचण वाटत होती. ज्या ४०० अश्वशक्तीसाठी मी ८० लाख मोजणार होतो ती ज्या फेऱ्यांवर राहते तिथे मला शंभरच्या मर्यादेत फक्त पहिल्या गिअरात जाता येणार होते, आणि तेही दर वेळी दीड-दोन सेकंद.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची. समृद्धी महामार्ग आता आमने गावापर्यंत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात भिवंडीजवळ येऊन पोचला आहे, आणि तिथे १२० ची मुभा आहे. पण सरळ काँक्रीटवर तासन्‌तास १२० ने जाणे हे साध्या मोटारीचे काम आहे, स्पोर्ट्स कारचे नव्हे. गाडी मोकळी सोडायची तर रेस ट्रॅक हवा, आणि त्यासाठी कोइम्बतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्या माणसाला जीटीएस द्यावी, तिचे मोठे ब्रेक आणि मेकॅनिकल डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) त्याला वसूल करता येतील. मी पाच वर्षांत एकदाही गेलेलो नाही.

आणि उरलेला काळ ही गाडी कुठे असते? घोडबंदर रोडवर. माझे घर कासारवडवलीला आहे. माजिवड्यापासून तिथपर्यंत मेट्रोच्या कामाने गेली काही वर्षे रस्त्याची जी अवस्था केली आहे ती ठाणेकरांना सांगायला नको, आणि गायमुख घाटाची दुरुस्ती निघाली की उरलीसुरली गतीही जाते. जीटीएसच्या माहितीपत्रकातली एक ओळ वाचून मी मोठ्याने हसलो होतो. इंजिनावर भार कमी असेल, तेव्हा साधारण १,६०० ते ३,००० फेऱ्यांच्या दरम्यान ते आळीपाळीने एका बाजूचे तीन सिलिंडर बंद ठेवते, म्हणजे इंधन वाचते. तजवीज उत्तम आहे. पण त्याचा माझ्यापुरता अर्थ असा की सहा सिलिंडरसाठी ८० लाख मोजून मी घोडबंदर रोडवर बराच वेळ तीन सिलिंडरवर फिरणार, आणि सध्याची केमन बिचारी चारही चालवते.

टायरांचे गणितही केले, कारण मोजपट्टी हा आमचा धंदाच आहे. माझ्या गाडीला १८ इंची चाके आहेत आणि पुढच्या टायरची भिंत सुमारे १०६ मिलिमीटर उंच आहे. जीटीएसला २० इंची चाके, आणि भिंत ८२ मिलिमीटर. शिवाय तिचे सस्पेन्शन मुळातच वीस मिलिमीटर खाली बसवलेले. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेले तर त्या दोन-अडीच सेंटिमीटर रबराला काय किंमत असते हे मला २०२१ च्या जुलैमध्ये कळले आहे, आणि तेव्हा माझी भिंत १०६ चीच होती.

मोहाच्या बाजूने एक युक्तिवाद खरोखर वजनदार होता आणि तो विक्रेत्याने शेवटी काढला. पोर्शेने २०२५ च्या ऑक्टोबरात पेट्रोलवरच्या ७१८ चे उत्पादन थांबवले. टर्बो नसलेले, सहा सिलिंडरचे, दोन माणसांच्या आकाराचे असे यंत्र यापुढे मिळणे अवघड होत जाणार, तेव्हा ही गाडी घेणे म्हणजे पैसे राखून ठेवणे आहे, असे त्याचे म्हणणे. किमती टिकतील हे मला पटते. पण किंमत टिकवायची तर गाडी कमी चालवायची, प्रत्येक किलोमीटरला कचरायचे, आणि कर्ज काढून आणलेल्या वस्तूला पोडियमवर झाकून ठेवायचे, हे मला जमणारे नाही. गुंतवणूकच करायची तर ८० लाखांत आमच्याकडे दोन व्हीएमसी येतात आणि त्या निदान दोन पाळ्यांत चालतात. माझ्या पत्नीने हे ऐकून सांगितले की व्हीएमसीचे नाव घेऊन गाडीचा विषय बंद करणे ही पळवाट आहे, कारण ८० लाख मी व्हीएमसीत घालणार नाही हे तिला माहीत आहे आणि मलाही. ते बरोबर होते. मी तो मुद्दा हिशेबातून काढून टाकला.

तरीही मी नकार कळवला नव्हता, कारण आवाजाखेरीज आणखी एक गोष्ट त्या रविवारी मला जाणवली होती आणि ती कायदेशीर वेगातच जाणवली होती. जीटीएसचे स्टिअरिंग हातात कमालीचे निश्चित वाटत होते. उलव्याच्या वळणावर ती रस्त्याला घट्ट धरून गेली, ब्रेक दाबला की थोडीही न डगमगता थांबली. माझी गाडी त्यामानाने अलीकडे काहीशी तरंगते, ओल्या रस्त्यावर पुढचे टोक घसरते, असे मला वर्षभर वाटत होते. हा फरक मी मनातल्या मनात १०० अश्वशक्तीच्या आणि चांगल्या सस्पेन्शनच्या खात्यावर जमा करून टाकला होता, आणि रोज, मर्यादेच्या आत वापरता येईल असा तेवढाच एक लाभ हिशेबात उरला होता.

मग विक्रेत्याकडचा तपासनीस माझी गाडी पाहायला घरी आला. पंचविशीतला मुलगा, हातात रंगाची जाडी मोजायचे यंत्र आणि मोबाइल. रंग, दरवाजे, इंजिन पाहून झाल्यावर तो चाकाशी उकिडवा बसला आणि टायरच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा शिक्का मला दाखवला: २२१८. म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. चारही टायर कारखान्यातून आले तेच होते. मी दर महिन्याला खाचांची खोली मोजत आलो आहे, ती कायद्याच्या १.६ मिलिमीटरपेक्षा पुष्कळ जास्त आहे, आणि त्या समाधानात मी रबराचे वय पाहायलाच विसरलो होतो. सहा वर्षांवरचा टायर बदलावा असे पोर्शेच सांगते. साडेसात वर्षांचे रबर कडक होते, हे ज्याच्या कारखान्यात ओ-रिंगा (रबरी कड्या) दरवर्षी बदलल्या जातात त्या माणसाला कोणी सांगावे लागू नये. "सर, याचे दोन लाख कमी होतील," तो मुलगा अदबीने म्हणाला.

दोन गाड्यांची तुलना करताना एकीला नवे टायर आणि दुसरीला साडेसात वर्षांचे, असा माप घेण्याचा प्रकार कारखान्यात कोणी केला असता तर मी त्याला त्याच दिवशी दुसऱ्या कामावर टाकले असते.

विक्रेत्याला मी त्या संध्याकाळी फोन करून नको म्हणून सांगितले. तो रागावला नाही. जीटीएस पुढच्याच आठवड्यात पुण्याला गेली असे नंतर कळले. माझ्या गाडीला पोर्शेच्या मान्यतेची एन अशी खूण असलेले चार नवे टायर बसवले, अलाइनमेंट केली, आणि दोन वर्षांहून जुने झालेले ब्रेक फ्लुइडही त्याच वेळी बदलून घेतले. सगळा खर्च जीटीएसच्या दोन हप्त्यांपेक्षा कमी आला.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी पाच वाजता निघालो. ऐरोली पुलावरून ठाणे–बेलापूर रस्त्याने, मग पाम बीच, उलवे आणि तेच वळण. गाडी रुळावर असल्यासारखी वळली. ब्रेकही तसेच, सरळ आणि खात्रीचे. पुलावर चाळीसवरून तिसऱ्या गिअरात ॲक्सिलरेटर दाबला तर दोन हजारांपासून ती सपाट, एकसारखी ओढत शंभराला पोचली आणि मी पाय उचलला. आवाज मात्र शिवणयंत्राचाच होता.